वाचनखुणांचे बिऱ्हाड

वसंत व्याख्यानमालेच्या या व्यासपीठावरून वेदान्तापासून अणुशक्तीपर्यंत बहुतेक सारे विषय बोलून झाले आहेत. त्या मानाने आमचा आजचा विषय फारच लहान, किंबहुना थोडा हसू आणणाराच आहे. घरात किंवा कचेरीत नवा संगणक आला, म्हणजे जुन्यावर जपून ठेवलेल्या वाचनखुणा, ज्यांना सारे जग बुकमार्क म्हणते, त्या नव्यावर कशा न्याव्यात, एवढाच तो विषय. चालकांनी विषय ऐकून आमच्याकडे जरा पाहिले. कामगार संघटनेचा माणूस मजुरी, बोनस, संप यांवर बोलेल अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही मजुरीवरच बोलणार आहोत, फक्त वाट थोडी वाकडी आहे.

आमचे शालेय शिक्षण सातव्या इयत्तेत संपले. पुढे जे काही शिकलो ते तेंदूपत्त्याच्या हंगामात मुनशीशी पुड्यांच्या हिशोबावरून हुज्जत घालताना, आणि नंतर कायद्याची पुस्तके उसनी आणून रात्री वाचताना. पुस्तकात खूण म्हणून कधी पिंपळाचे पान, कधी एस.टी.चे तिकीट. पुस्तक परत करावयाचे झाले की खुणा काढून घ्याव्या लागत, आणि कोणत्या पानावर काय होते ते वहीत टिपून ठेवावे लागे. संगणकावरील वाचनखूण म्हणजे तीच वही होय; पुस्तक नव्हे. हा भेद पुढे कामास येणार आहे म्हणून आताच सांगून ठेवतो.

सूरजागड हे गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यातले. शेजारच्या डोंगरावर ठाकूरदेव, आणि डोंगराच्या पोटात लोखंड. २००७ साली तेथे सुमारे ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा दिला गेला. २०१६ साली खोदकाम सुरू झाले, त्याच वर्षाच्या डिसेंबरात माओवाद्यांनी तेथील वाहने जाळली, मधल्या काळात काम बंदही पडले, आणि २०२१ पासून ते पुन्हा चालू आहे. काम आले तसे ठेकेदार आले, ठेकेदारांबरोबर चालक, मदतनीस, पहारेकरी आले. आणि त्यांच्याबरोबर कागद आले. खाण कायदा १९५२, नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा, भविष्यनिर्वाह निधीचे पान, किमान वेतनाची राजपत्रे, पर्यावरण मंजुरीची कागदपत्रे, गावकऱ्यांसाठी २००६ चा वनहक्क कायदा आणि १९९६ चा पेसा. हे सारे आता छापील कमी आणि संकेतस्थळांवर अधिक असते. तेही एका ठिकाणी नव्हे. एक दिल्लीच्या खात्याकडे, दुसरे मुंबईच्या, तिसरे धनबादच्या खाणसुरक्षा महासंचालनालयाकडे. शोधून शोधून आम्ही चारशेवर पत्ते जमविले होते. दहा वर्षांची ती कमाई आमच्या कार्यालयातील एका जुन्या संगणकावर होती.

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० ला नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या देणे थांबविले. आमच्या यंत्राला त्यापुढची विंडोज ११ पेलवेना. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी हीच कथा झाली असेल. आम्ही वर्गणी काढून नवे यंत्र घेतले, आणि जुने त्याच दुकानदाराला मोडीत देऊन टाकले. देण्यापूर्वी आमच्या एका तरुण कार्यकर्त्याने डेस्कटॉपवरील आणि डॉक्युमेंट्समधील सर्व काही पेनड्राइव्हवर उतरवून घेतले होते. काम चोख झाले असे आम्ही समजलो. दुसऱ्या दिवशी तो चेहरा पाडून म्हणाला, "भाऊ, सारंच आलं जी, पण तुमच्या त्या खुणा नाही आल्या."

त्याच आठवड्यात एका मदतनिसाच्या नुकसानभरपाईची तारीख होती. गाडीखाली त्याचा पाय गेला होता. भरपाईची रक्कम मासिक वेतनावर ठरते, आणि ठेकेदाराने वेतनाचा जो आकडा लिहून दिला होता तो किमान वेतनाहूनही कमी होता. अपघाताच्या दिवशी लागू असलेला दर दाखविणारे राजपत्र आम्ही खूण करून ठेवले होते. ती खूण जुन्या यंत्रात, जुने यंत्र दुकानात, आणि तारीख तोंडावर. सुदैवाने साहेब रजेवर निघाले आणि तारीख पंधरा दिवस पुढे गेली. एरवी तारीख पुढे गेली म्हणून आनंद झाल्याचे आम्हांला आठवत नाही.

खुणा का आल्या नाहीत, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. वाचनखूण आपण करतो ती ब्राउझरमध्ये, म्हणजे संकेतस्थळे उघडून दाखविणाऱ्या कार्यक्रमात. क्रोम, फायरफॉक्स, एज ही त्यांची नावे तुम्हांस ठाऊक आहेत. ब्राउझर प्रत्येक खुणेचे नाव आणि पत्ता आपल्या खासगी फायलीत लिहितो. ही फाईल डेस्कटॉपवर नसते, डॉक्युमेंट्समध्येही नसते. क्रोमची फाईल विंडोजच्या 'यूजर्स' या कप्प्यात, आपल्या नावाखाली, 'ॲपडेटा' नावाच्या मुद्दाम लपवून ठेवलेल्या कप्प्यात, तेथून 'लोकल', 'गूगल', 'क्रोम', 'यूजर डेटा', 'डिफॉल्ट' अशी सात-आठ दारे ओलांडल्यावर सापडते. तिचे नाव नुसते 'बुकमार्क्स', पुढे शेपूट नाही. फायरफॉक्स २००८ पासून आपल्या खुणा 'प्लेसेस' नावाच्या एका कोठारात ठेवतो. सामान घरातलेच, पण माळ्यावर ठेवलेले. बिऱ्हाड हलविताना खोल्या रिकाम्या केल्या आणि माळा पाहिलाच नाही, असा हा प्रकार.

योग्य रीत अशी आहे. जुने यंत्र चालू असतानाच ब्राउझर उघडावा आणि कंट्रोल, शिफ्ट व ओ ही तीन बटणे एकत्र दाबावीत. क्रोम, एज आणि फायरफॉक्स या तिन्हींत याच बटणांनी खुणांची यादी समोर येते. तिच्या कोपऱ्यातील तीन ठिपक्यांवर टिचकी मारली की 'एक्स्पोर्ट' असा शब्द मिळतो; एजमध्ये खुणांना 'फेव्हरिट्स' म्हणतात, आणि फायरफॉक्समध्ये 'इम्पोर्ट अँड बॅकअप' या नावाखाली 'एक्स्पोर्ट' सापडते. ते दाबले की ब्राउझर एक एचटीएमएल फाईल बनवून देतो. ही फाईल पेनड्राइव्हवर घ्यावी, नव्या यंत्रात घालावी, तेथेही तीच यादी उघडावी आणि 'इम्पोर्ट' म्हणून हीच फाईल दाखवावी. संपले. क्रोममधून काढलेली फाईल फायरफॉक्समध्ये जाते, फायरफॉक्समधली एजमध्ये जाते.

हे असे का जाते, याची हकिगत आम्हांस फार आवडते. ब्राउझरच्या आरंभीच्या काळात, १९९३ साली, मोझॅक नावाच्या कार्यक्रमात या खुणांना 'हॉटलिस्ट' म्हणत. १९९४ साली नेटस्केप आला. त्याने 'बुकमार्क' हा शब्द रूढ केला आणि खुणा साध्या एचटीएमएल पानात लिहून ठेवल्या. पुढे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोररने 'फेव्हरिट्स' म्हणून प्रत्येक पत्त्याची वेगळी चिमुकली फाईल केली. दोघांची जी लढाई झाली ती प्रसिद्ध आहे, नेटस्केप हरला. १९९८ साली त्याने आपली सूत्रे जगाला खुली केली, त्यातून पुढे फायरफॉक्स जन्मला, आणि १ मार्च २००८ पासून नेटस्केपची देखभालही बंद झाली. पण आज तुम्ही क्रोममधून खुणांची फाईल काढलीत आणि नोटपॅडमध्ये उघडून पाहिलीत, तर पहिल्याच ओळीत नेटस्केपचे नाव दिसेल. मेलेल्या कंपनीच्या कागदावर जिवंत प्रतिस्पर्धी आपापला हिशोब लिहून एकमेकांना देतात. हे कोणी हुकूम काढून घडविले नाही. सर्वांना वाचता येईल अशी एक साधी रीत होती, ती सर्वांनी ठेवली. कारखानदारांच्या एकमताबद्दल आमचे मत एरवी इतके चांगले नसते.

ही फाईल अगदी हलकी असते, शेकडो खुणा असल्या तरी मोबाईलवर काढलेल्या एका छायाचित्राहून लहान. आमच्याकडे पावसाळ्यात भामरागडची पर्लकोटा फुगली की रस्ता जातो, वीज जाते, आणि मोबाईलचा मनोरा नुसता उभा राहतो. त्या दिवसांत पेनड्राइव्ह खिशात घालून एस.टी.ने निघालेला माणूस हाच आमचा सर्वांत भरवशाचा तारमार्ग. फाईल उघडण्यासाठी आयातही करावी लागत नाही. नुसती दोनदा टिचकी मारली तरी ती ब्राउझरमध्ये यादी म्हणून उघडते. प्रत्येक खूण कधी केली तो क्षणही तिच्यात असतो, १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मोजलेला. हा आकडा आम्हांला प्रथम गूढ वाटला होता. नंतर कळले की तो केवळ संगणकवाल्यांचा शक आहे.

एक सूचना: आयात दोनदा करू नये. दोनदा केल्यास प्रत्येक खूण दोनदा येते आणि मग निवडत बसावे लागते. नव्या ब्राउझरात आधीच काही खुणा असतील, तर आलेल्या खुणा बहुधा 'इम्पोर्टेड' नावाच्या वेगळ्या कप्प्यात जातात. तेव्हा समोर दिसल्या नाहीत म्हणून पुन्हा बटण दाबण्यापूर्वी तो कप्पा पाहावा.

परंतु आमचे यंत्र तर दुकानात गेले होते. आम्ही दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने निघालो. दुकानदाराने यंत्र अजून पुसले नव्हते. मात्र त्याचा वीजपुरवठा देणारा भाग काढून दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या यंत्रात बसविला होता. त्यामुळे यंत्र चालू करून एक्स्पोर्ट करणे अशक्य. तरीही हार्ड डिस्क शाबूत असली की सारे शाबूत असते. त्याने ती काढली, यूएसबीच्या डबीत घातली आणि नव्या यंत्राला जोडली. लपविलेले कप्पे दाखवा असे विंडोजला सांगितल्यावर वर वर्णिलेली दारे एकामागून एक उघडली, आणि शेवटच्या दारात 'बुकमार्क्स' ही फाईल, शेजारी तिचीच थोडी मागची प्रत, 'बुकमार्क्स' ठिपका 'बॅक' या नावाची. नव्या यंत्रातील क्रोम पूर्ण बंद करून ती फाईल त्याच जागी ठेवली. नवे यंत्र असल्याने तेथे आधी काही नव्हते. असते तर ते गेले असते, हे ध्यानात ठेवा. क्रोम उघडला आणि चारशे खुणा होत्या तशा, होत्या त्या क्रमाने हजर झाल्या. आमच्या कार्यकर्त्याने दुकानातच टाळी वाजविली.

टाळी थोडी लवकर झाली. राजपत्राच्या खुणेवर टिचकी मारली तर पान नाही असा निरोप आला. आम्ही आरंभी म्हटले ते येथे येते: खूण म्हणजे वही, पुस्तक नव्हे. पत्ता आपल्याजवळ असतो, घर दुसऱ्याचे असते, आणि घरमालक ते हलवितो. अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटर या संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २०१३ मधील पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर उघडत नव्हती असे आढळले. आपल्याकडे महाभूलेखचेच पाहा: सातबारा पाहण्याचा जुना पत्ता गेला, तो आता महाभूमीच्या नव्या पत्त्यावर आहे. ज्यांनी जुन्याची खूण करून ठेवली होती ते काही दिवस तलाठ्याला दोष देत होते.

तरीही मेलेला पत्ता निरुपयोगी नसतो. इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून जगातील संकेतस्थळांच्या प्रती साठवून ठेवते, आणि २००१ पासून 'वेबॅक मशीन' या नावाने त्या सर्वांना मोफत पाहता येतात. तेथे शोध लागतो तो मुख्यतः पत्त्यावरून. पान कशाविषयी होते हे आठवून भागत नाही. पत्ता अक्षरन् अक्षर लागतो. तो आमच्या खुणेत होता. घातला, आणि तीन वर्षांपूर्वीच्या एका तारखेची प्रत उघडली. ती आम्ही लगेच छापून घेतली आणि पीडीएफ करूनही ठेवली. तेव्हापासून नियम केला आहे की ज्या पानावर कोणाची मजुरी, जमीन किंवा भरपाई अवलंबून आहे, त्याची नुसती खूण करावयाची नाही, प्रतच करून ठेवावयाची. मदतनिसाची तारीख झाली, कागद दाखल झाला. निकाल अजून यावयाचा आहे.

आता कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? गूगलच्या खात्यात एकदा प्रवेश करा, खुणा आपोआप प्रत्येक यंत्रावर येतात. हे खरे आहे, सोयीचे आहे, आणि घरच्या वापरास आम्ही त्याला नाव ठेवणार नाही. पण आमचा प्रश्न निराळा आहे: खाते कुणाचे?

भविष्यनिर्वाह निधीत आम्ही हे भोगले आहे. पूर्वी ठेकेदार बदलला की कामगाराचा निधी क्रमांक बदले. जुन्या खात्यातील पैसे नव्यात आणण्यासाठी अर्ज, त्यावर जुन्या मालकाची सही, आणि तो मालक कोठे आहे ते देव जाणे. २०१४ साली बारा आकडी यूएएन क्रमांक आला. तो माणसाला चिकटलेला असतो, मालकाला नव्हे. कागदावर पुष्कळ सुधारणा झाली. प्रत्यक्षात नावातील एका अक्षराच्या चुकीसाठी अजून खेपा घालाव्या लागतात, तो भाग वेगळा. खुणांचेही तसेच. संघटनेच्या खुणा जर एका चिटणिसाच्या खासगी खात्यात असतील, तर तो गेला की दहा वर्षांचे टाचण त्याच्याबरोबर जाते. त्याची लबाडी नसली तरी जाते. आमच्या परिचयाच्या एका संघटनेत तसे झालेही. म्हणून संस्थेच्या नावाचे वेगळे खाते असावे, त्याचा परवलीचा शब्द दोघांना ठाऊक असावा आणि बंद लिफाफ्यात असावा.

शिवाय हा आपोआप मेळ म्हणजे साठवण नव्हे. एका यंत्रावर चुकून कप्पा पुसला तर तो सर्व यंत्रांवर पुसला जातो, तितक्याच तत्परतेने. बाहेर काढून ठेवलेली फाईल अशी आपोआप पुसली जात नाही.

याहून गंभीर गोष्ट नोकरदारांसाठी सांगतो. एका ठेकेदाराच्या कचेरीतील कारकुनाने सोयीसाठी म्हणून कचेरीच्या यंत्रावर आपल्या खासगी खात्याने प्रवेश केला. त्याबरोबर घरच्या साऱ्या खुणा कचेरीच्या पडद्यावरील पट्टीत येऊन बसल्या: किमान वेतन, खाण कायदा, संघटना नोंदणीचा नमुना. साहेब मागून गेले, त्यांनी वाचले. पुढच्या महिन्यात त्याची बदली झाली. कारण अर्थातच निराळे लिहिले होते. मालकाच्या यंत्रावर आपले खाते उघडू नये. खुणा न्यावयाच्याच असतील तर निवडक पत्त्यांची फाईल करून न्याव्यात, आणि खरे तर नेऊच नयेत.

मोबाईलबद्दल सभेत नेहमी विचारतात, कारण आमच्या दहांतील नऊ सभासदांजवळ संगणक नसतोच. दुर्दैवाने मोबाईलवरील क्रोममध्ये फाईल काढण्याची किंवा घालण्याची सोय नाही. तेथे खात्याचाच मार्ग. हे आम्हांस मुळीच पसंत नाही. ज्याच्याकडे यंत्र मोठे त्याला मोकळीक, आणि ज्याच्याकडे लहान तो खात्याशी बांधलेला. युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या कायद्यात आपली माहिती एका सेवेकडून दुसऱ्या सेवेकडे नेण्याचा हक्क नागरिकाला आहे. आपल्याकडे २०१९ च्या विधेयकात तो होता. २०२३ साली जो कायदा झाला त्यातून तो वगळला गेला. तोवर मोबाईलवाल्यांनी महत्त्वाचे दहावीस पत्ते स्वतःलाच एका संदेशात लिहून ठेवावेत. ओबडधोबड उपाय आहे, पण चालतो.

परवलीच्या शब्दांविषयी एवढेच: ते खुणांच्या फाईलबरोबर येत नाहीत, आणि तेच बरे. ते वेगळे काढता येतात. परंतु ती फाईल उघड्या अक्षरांत असते, कोणीही वाचावी अशी. नव्या यंत्रात घातल्यावर ती त्याच दिवशी पुसावी, पेनड्राइव्हवरूनही.

बिऱ्हाड हलविले की अडगळ निघतेच. आमच्या चारशे खुणांपैकी शंभरावर मेलेल्या निघाल्या. त्यातच २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि २९ जुने कायदे त्यांत सामावले गेले. खाण कायदा १९५२ आणि नुकसानभरपाईचा कायदा १९२३ हे दोन्ही त्यांतलेच. आमचा कार्यकर्ता उत्साहाने जुन्या कायद्यांच्या खुणा पुसावयास बसला होता. आम्ही हात धरला. जुने अपघात, जुनी थकबाकी यांचे दावे अजून चालू आहेत, आणि त्यांत जुनी कलमेच वाचून दाखवावी लागतात. त्या खुणांसाठी 'जुने कायदे' असा वेगळा कप्पा केला, आणि प्रत्येक कायद्याची पीडीएफ उतरवून घेतली. श्रमसंहितांचा कप्पा नवा आहे आणि तो झपाट्याने फुगतो आहे, कारण नियम, मसुदे, परिपत्रके रोज येत आहेत.

आता दर महिन्याच्या वर्गणीचा हिशोब मिटला की त्याच बैठकीत खुणांची फाईल काढली जाते, तिच्या नावात तारीख घातली जाते, आणि पेनड्राइव्ह सभासद-नोंदवहीशेजारी लोखंडी कपाटात जातो. कपाटाची एक किल्ली आमच्याजवळ असते, दुसरी खजिनदार बाईंजवळ.